गाळातले तांबे-जस्त: दोष बगळ्यांचा की दगडाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने गावच्या तलावातल्या गाळाची तपासणी करून घेतली. तलाव पन्नासएक हेक्टरांचा, १९७२ च्या दुष्काळानंतर बांधलेला. एका काठाच्या बाभळींवर बगळे, ढोकऱ्या आणि पाणकावळे यांचे मोठे सारंगागार, म्हणजे एकत्र घरट्यांची वसाहत, आहे. म्हशी दुपारभर पाण्यात बसतात आणि तलावाला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला पोल्ट्री शेड आहेत. झाडांखालच्या गाळात किलोमागे तांबे १४० मिलिग्रॅम आणि जस्त १९० मिलिग्रॅम निघाले, तलावाच्या मध्यावर तांबे १५० आणि जस्त ११०. प्रयोगशाळेने शेरा मारला, "जड धातूंचे प्रदूषण". आता गावात बाभळी तोडायची भाषा सुरू झाली आहे. विद्यार्थिनी विचारते, पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या विष्ठेने गाळात खरोखर एवढे धातू येतात का, आणि ते सिद्ध कसे करायचे?

मी बरीच वर्षे तलावांच्या गाळाच्या रसायनशास्त्रात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. विष्ठेतून धातू तलावात येतात का? येत असतील तर ते गाळाच्या आकड्यांत दिसण्याइतके असतात का? आणि धातू कुठूनही आलेले असोत, विष्ठेमुळे त्यांचे गाळातले वागणे बदलते का? पहिल्याचे उत्तर हो असे आहे. दुसऱ्याचे उत्तर तलावागणिक बदलते. तिसऱ्याकडे सहसा कुणी पाहत नाही, आणि आपल्याकडच्या तलावांत माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी तांब्याचे निकालात काढू, कारण तिथे पक्ष्यांचा संबंध नाही. प्रयोगशाळेने तुलनेसाठी बहुधा "सरासरी शेल" वापरला असणार. शेल म्हणजे बारीक चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा खडक. ट्युरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ साली जगभरच्या शेल खडकांचे सरासरी आकडे दिले, किलोमागे मिलिग्रॅममध्ये: तांबे ४५, जस्त ९५, शिसे २०, कॅडमियम ०.३. हे आकडे आजही सर्रास पार्श्वभूमी म्हणून धरतात. पण तुमचा तलाव बसला आहे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर. त्यात मुळातच तांबे १०० ते २०० च्या घरात असते. क्रोमियम, व्हॅनेडियम आणि कोबाल्टही शेलच्या मानाने चांगलेच असतात. काळ्या मातीत हा वारसा उतरतो आणि दर पावसाळ्यात ओढ्यांनी तो तलावात येतो. शेलशी तुलना केली तर महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक तलाव तांब्याने "प्रदूषित" ठरेल. तुमचे तांबे झाडांखाली १४० आणि मध्यावर १५०, म्हणजे तलावभर सारखेच आहे, उलट पक्ष्यांपासून दूर किंचित जास्त. हे तांबे दगडाचे आहे असे मी धरून चालेन. पाणलोटात द्राक्षबागा असतील तर मात्र थांबा. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वर्षानुवर्षे मातीत साठते आणि मातीबरोबर तलावात येते.

मग उरते जस्त. मध्यावर ११० आणि झाडांखाली १९० हा फरक खरा असू शकतो. त्याचा उगम शोधण्याआधी पक्षी मुळात धातू कसे वाहून आणतात ते पाहू.

याचे सर्वांत स्पष्ट पुरावे ध्रुवीय प्रदेशांतून आले आहेत. अंटार्क्टिकाजवळच्या आर्डली बेटावर पेंग्विनांच्या वसाहतीशेजारी एक लहान तळे आहे. सुन लिग्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गाळाचा उभा नमुना, म्हणजे कोअर, काढला. त्यात स्ट्रॉन्शियम, फ्लोरीन, फॉस्फरस, कॅल्शियम, सेलेनियम, तांबे, जस्त ही मूलद्रव्ये एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात. हा ताफा पेंग्विनांच्या विष्ठेचा आहे हे ओळखून त्यांनी सुमारे ३,००० वर्षांत पेंग्विन कधी वाढले आणि कधी घटले याचा आलेख मांडला. हे २००० साली प्रसिद्ध झाले. २००५ साली कॅनडाच्या डेव्हन बेटावरच्या केप व्हेरा इथला अभ्यास आला. तिथे कड्यांवर फुल्मार या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे आणि खाली छोटी तळी आहेत. पक्ष्यांचा प्रभाव जास्त असलेल्या तळ्यांच्या गाळात पारा कमी प्रभावाच्या तळ्यांच्या २५ पटींपर्यंत, तर डीडीटी ६० पटींपर्यंत आढळले. आसपास ना कारखाना ना शेती. समुद्रातल्या अन्नसाखळीत साठलेले विष पक्ष्यांनी पोटातून आणून विष्ठेतून जमिनीवर टाकले होते.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल तो २०१० चा अभ्यास. कॅनडाच्याच आर्क्टिक भागातल्या एका लहान बेटावर सुरय पक्षी आणि आयडर बदके शेजारीशेजारी घरटी करतात. सुरय मासे खातात, आयडर समुद्रतळाचे शिंपले. सुरयांच्या तळ्यांत पारा आणि कॅडमियम जास्त निघाले, आयडरच्या तळ्यांत शिसे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम. बेट एकच, हवामान एकच. फरक फक्त आहाराचा. म्हणून "पक्ष्यांची विष्ठा" असा सरसकट शब्द वापरून काहीही हाती लागत नाही. पक्षी काय खातो आणि कुठे खातो, हे आधी कळले पाहिजे.

तुमच्या झाडांवरचे पाणकावळे बहुतेक त्याच तलावातले मासे खातात. ते तलावात नवा धातू आणत नाहीत. जो आहे तोच माशांतून काढून झाडांखाली गोळा करतात. गायबगळे मात्र दिवसभर शेतांत, गुरांमागे, कधी उकिरड्यांवर आणि कचरा डेपोवर किडे वेचतात आणि संध्याकाळी झाडावर येतात. ते बाहेरचे आत आणतात. हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंसही शेतांत चरून पाण्यावर विश्रांती घेतात, म्हणजे तेही आयातदारच. सारंगागारात कोणत्या जातीची किती घरटी आहेत याची नोंद तुमच्या प्रकल्पात पहिल्या पानावर हवी.

ध्रुवावर दिसते ते आपल्याकडे तितक्याच सहज का दिसत नाही, हे आकडेमोड केल्यावर कळते. पुढचे आकडे मी अंदाजाने धरलेले आहेत. तुम्ही स्वतःचे घाला.

समजा ५,००० पक्षी आहेत, प्रत्येकाची वाळलेली विष्ठा दिवसाला २० ग्रॅम आणि मुक्काम १२० दिवसांचा. एकूण विष्ठा झाली १२,००० किलो. तिच्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम जस्त धरले तर हंगामात २.४ किलो जस्त. ते ५० हेक्टरांवर सारखे पसरले तर दर चौरस मीटरला ५ मिलिग्रॅमही होत नाही. तलावात वर्षाला एक सेंटिमीटर गाळ बसतो असे धरा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५ किलो कोरडा गाळ. त्यात विष्ठेने भर पडली किलोमागे जेमतेम १ मिलिग्रॅमची. मूळ जस्त शंभराच्या आसपास असताना ही भर कोणत्याही यंत्राच्या चुकीच्या मर्यादेत बुडून जाते. पण तीच सगळी विष्ठा झाडांखालच्या अर्ध्या हेक्टरात पडली, तर भर होते किलोमागे ९५ मिलिग्रॅमच्या आसपास. आता ती ठळक दिसते. वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद लगेच दिसते, हंडाभर पाण्यात दिसत नाही. आर्डलीचे तळे म्हणजे वाटी आहे, कारण ते लहान आहे आणि तिथल्या गाळात विष्ठेचा वाटा मोठा आहे. आपल्या तलावात दर पावसाळ्यात काळ्या मातीचा लोंढा येतो.

तुमचा फरक ८० मिलिग्रॅमचा आहे आणि माझ्या हिशेबाशी तो छान जुळतो. तरीही एवढ्यावरून पक्ष्यांचे नाव लिहू नका. कारण तिसऱ्या प्रश्नात आहे.

तोच हिशेब फॉस्फरससाठी करा. विष्ठेत ३ टक्के फॉस्फरस धरला तर ३६० किलो. त्यातला अर्धाच पाण्यात गेला तरी चौरस मीटरला ०.३६ ग्रॅम होतो. फोलेनवायडर या तलावशास्त्रज्ञांनी १९६८ साली तळ्यांसाठी ज्या मर्यादा सुचवल्या, त्यांत सरासरी ५ मीटर खोलीच्या तळ्याला वर्षाला ०.१३ ग्रॅमच्या पुढचा भार धोक्याचा मानला होता. म्हणजे ज्या विष्ठेचे जस्त तलावभर पाहिले तर दिसतही नाही, तिचा फॉस्फरस धोक्याच्या रेषेच्या जवळपास तिप्पट आहे. पक्षी त्याच तलावातले मासे खात असतील तर यातला मोठा भाग फिरून तोच असतो, हे वजा करावे लागेल. पण विष्ठेची खरी ताकद कुठे आहे ते यातून कळते.

फॉस्फरस आणि नायट्रोजन मिळाले की शेवाळ माजते, मरते आणि तळाशी कुजते. शेण आणि विष्ठाही कुजतात. कुजताना तळाच्या गाळातला प्राणवायू संपतो. मग गाळातली मँगनीजची ऑक्साइडे आधी विरघळतात, त्यांच्या मागून लोहाची. त्यांना चिकटून बसलेले आर्सेनिक, कोबाल्ट आणि फॉस्फरस सुटून पाण्यात येतात. याहून पुढे गेले की जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात. काठावर पाय रोवला की काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, तो याचाच. हे सल्फाइड जस्त, तांबे, कॅडमियम आणि शिसे यांना घट्ट धरते. म्हणजे विष्ठेने समृद्ध झालेला गाळ हा धातूंचा सापळा बनतो, मग ते धातू ओढ्याने आणलेले असोत, शेडच्या जस्ती पत्र्यांवरून धुपून आलेले असोत की पोल्ट्रीतून. झाडांखाली जस्त जास्त सापडले म्हणजे ते पक्ष्यांनीच आणले असे होत नाही. दुसऱ्याचे जस्त तिथे अडकलेले असू शकते. फॉस्फरस आणि जस्त एकत्र वाढलेले दाखवणारा आलेख काढून निष्कर्षाला पोहोचणारे बरेच प्रबंध माझ्या वाचनात येतात, आणि ही शक्यता त्यांत तपासलेली नसते. तुमच्या प्रबंधात ती तपासलेली असावी असे मला मनापासून वाटते.

पाऱ्याचे थोडे वेगळे आहे. सल्फेट वापरणारे हेच जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करू शकतात आणि तो माशांत साठतो. गावाला मासे पुरवणाऱ्या तलावात गाळापेक्षा माशांतला पारा मोजणे जास्त कामाचे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट परदेशी शोधनिबंधांत क्वचित सापडते. उन्हाळ्यात तलाव आटतो आणि काठचा काळा गाळ उघडा पडून भेगाळतो. सल्फाइडला हवा लागते, त्याचे पुन्हा सल्फेट होते आणि धरून ठेवलेले जस्त आणि कॅडमियम सैल होतात. मृगाच्या पहिल्या पावसात ते पाण्यात उतरतात. म्हणून मार्चमध्ये घेतलेला नमुना आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातला नमुना यांचे एकूण जस्त सारखे आले तरी धोका सारखा नसतो. झाडांखालच्या कोरड्या जमिनीवर अजून एक क्रिया चालते. विष्ठेतल्या युरिक आम्लाचा आधी अमोनिया होतो, मग नायट्रेट, आणि त्यात माती आम्ल होऊन धातू मोकळे होतात. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत हा आम्लपणा बराच मारला जातो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत मला त्याची जास्त काळजी वाटेल.

म्हशींबद्दल थोडक्यात. शेणात तांबे काळ्या मातीपेक्षा सहसा कमीच असते, त्यामुळे शेणाने गाळातले तांबे वाढणे अवघड आहे, किलोमागचा आकडा उलट थोडा खाली येईल. म्हशींचा खरा परिणाम दोन प्रकारचा: शेण-मुताने कुजणारा माल वाढतो आणि बसल्या-उठल्या तळ ढवळला जातो, त्यामुळे गाळाचे थर मिसळतात. म्हशी जिथे बसतात तिथे कोअर काढू नका.

पोल्ट्रीकडे मात्र मी पक्ष्यांच्या आधी पाहीन. कोंबड्यांच्या खाद्यात खनिज मिश्रण असते आणि त्यात जस्त, मँगनीज व तांबे मुद्दाम घातलेले असतात. त्यातले थोडेच अंगी लागते, बाकीचे विष्ठेतून बाहेर पडते. त्यामुळे कोंबडीखतात जस्त किलोमागे काही शेकडा मिलिग्रॅम असणे नेहमीचे आहे. शेडबाहेर कोंबडीखताचा (विष्ठा मिसळलेल्या भुशाचा) ढीग उघड्यावर असेल आणि ओढा जवळ असेल, तर एका जोरदार पावसात जे वाहून येईल ते सारंगागाराच्या अख्ख्या हंगामाला भारी पडू शकते. शेड किती, ढीग कुठे आणि खत कधी उचलतात यावर सगळे अवलंबून आहे.

आता काम कसे करायचे ते सांगतो. तुमचा तलाव १९७२ नंतरचा आहे ही मोठी सोय आहे. पुरेसा खोल कोअर काढला तर तळाशी तलाव होण्यापूर्वीची मूळ काळी माती लागेल. तीच तुमची पार्श्वभूमी. शेलचे आकडे बाजूला ठेवा. त्याआधी गावात विचारा की तलावातला गाळ कधी काढला होता का. गाळमुक्त धरण योजनेत किंवा वीटभट्टीसाठी काढला असेल तर त्या जागेचा कोअर वाचता येत नाही. कोअर तीन जागी हवेत: झाडांखाली, ओढ्याच्या तोंडाशी, आणि दोन्हींपासून दूर पण तेवढ्याच खोलीवर. गणेश विसर्जनाचा घाट टाळा, तिथे मूर्तींच्या रंगांतले धातू मिसळतात. पाणलोटातली माती, कोंबडीखत, शेण आणि पक्ष्यांची ताजी विष्ठा यांचेही वेगळे नमुने घ्या. विष्ठेसाठी झाडाखाली प्लास्टिकचा कागद अंथरणे पुरते. घरट्यांना त्रास होईल असे काही करू नका.

नमुना घेताना जस्ती घमेले किंवा बादली वापरू नका, आणि प्रयोगशाळेत पितळी चाळणी वापरू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच. पीव्हीसीचा पाइप, प्लास्टिकचा चमचा आणि ६३ मायक्रॉनची नायलॉन चाळणी घ्या. बारीक गाळात धातू जास्त असतात, त्यामुळे जाड आणि बारीक गाळाची थेट तुलना फसवी ठरते. म्हणून चाळणे, आणि प्रत्येक धातूला ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमने भागणे, या दोन्ही गोष्टी हव्यात. तसे भागल्यावरही झाडांखालचे जस्त वर राहिले तरच पुढे जा.

पुढची पायरी म्हणजे जस्त आणि तांबे यांचे गुणोत्तर. बेसॉल्टी मातीत दोन्ही साधारण एकाच पातळीवर असतात, पक्ष्यांच्या विष्ठेत जस्त तांब्याच्या कितीतरी पट असते. कोअरमध्ये वर येताना जस्त आणि फॉस्फरस वाढले पण तांबे आणि टायटॅनियम हलले नाहीत, तर दगडाला वगळता येईल. पण पक्षी की पोल्ट्री, हे धातूंवरून सुटत नाही. त्यासाठी नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, याचे प्रमाण पाहतात. मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेने ते बरेच वर जाते, कारण ते अन्नसाखळीत वरचे असतात आणि विष्ठेतून अमोनिया उडताना हलका नायट्रोजन आधी निघून जातो. तुमच्याच विष्ठेच्या आणि खताच्या नमुन्यांत ते मोजून तुलना करा. गुरांसाठी शेणातले स्टॅनॉल ही संयुगे खूण म्हणून चालतात. ही सोय तुमच्या विद्यापीठात नसेल तर गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राला विचारून पाहा. अंटार्क्टिकातल्या तळ्यांच्या गाळावर तिथे काम चालते.

सर्वांत शेवटी, एकूण धातू मोजून थांबू नका. टप्प्याटप्प्याने धातू काढण्याची बीसीआर पद्धत वापरा. पहिल्या टप्प्यात, सौम्य ॲसेटिक आम्लात, निघते ते सहज सुटणारे. शेवटी उरते ते खनिजात बंद, म्हणजे बहुतांश दगडाचे. तुमचे १४० तांबे मुख्यतः शेवटच्या टप्प्यात सापडेल अशी माझी अपेक्षा आहे. झाडांखालच्या जस्ताचा मोठा भाग पहिल्या टप्प्यांत निघाला तर ते बाहेरून आलेले आणि हलू शकणारे आहे. हे मार्चमध्ये आणि जूनच्या तोंडाशी असे दोनदा करा. सल्फाइड टिकवायचे असेल तर मार्चचे नमुने हवा न लागता, बर्फात ठेवून न्यावे लागतील.

ग्रामपंचायतीला सध्या एवढे सांगा. पाणलोटात द्राक्षबागा नसतील तर तांबे काळ्या दगडाचे आहे, प्रदूषण म्हणून त्याचा बाऊ करू नये. जस्ताचा प्रश्न झाडांखालच्या पट्ट्यापुरता आहे आणि त्याचा उगम अजून ठरलेला नाही. झाडे तोडली तर पक्षी दुसऱ्या काठावर जातील, गाळातले जस्त तिथेच राहील, आणि काठ उघडा पडून मातीची धूप वाढेल. घरटी भरलेली असताना झाडे पाडणे वन्यजीव संरक्षण कायद्यातही बसत नाही. काही करायचेच असेल तर पावसाळ्याआधी कोंबडीखताचे ढीग झाकायला आणि ओढ्यापासून दूर हलवायला सांगा. त्याला खर्च फारसा नाही, आणि जस्त पक्ष्यांचे निघाले तरी त्याने फॉस्फरस कमी होईलच. झाडांखालचा गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकायचा विचार असेल तर बीसीआरचे आकडे आल्यावर ठरवा. जस्ताची कमतरता असलेल्या काळ्या जमिनीत तो गाळ उपयोगीही ठरू शकतो, फक्त त्याआधी त्यातले कॅडमियम मोजून घ्या.